ऐकू न आल्यासारखे

आमच्या घरी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची, साधी, कंपनीचे नावही पुसट झालेली. तिच्यावर मी एके काळी निळ्या शाईने 'आत्या' एवढेच लिहिले होते. त्या डब्यात आणखीही वस्तू आहेत. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेचे प्रवेशपत्र, वडिलांचा नोकरीतला जुना पास, आजीच्या जोडव्यांतले उरलेले एक जोडवे. या वस्तू डब्यात आहेत म्हणजे त्या जपल्या आहेत, असे आम्ही घरातली माणसे समजतो. परंतु जपणे म्हणजे नेमके काय, आणि आपण जे जपतो ते खरोखर कोणाचे असते, हा प्रश्न मला प्रवेशपत्राने कधी विचारला नाही, जोडव्यानेही विचारला नाही. तो विचारला त्या कॅसेटने, आणि गेली पंचवीस वर्षे ती तो विचारीतच आहे.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाळेत लागलो. त्यापुढे शिकलो नाही. दोनचार कादंबऱ्या लिहिल्या, त्या लोकांनी बऱ्या म्हटल्या. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ माझ्या वाट्याला आले नाहीत. तेव्हा या प्रश्नाचा विचार मला माझ्या गावच्या, घरच्या गोष्टींतूनच करावा लागतो. वाचकांनी तो तसाच घ्यावा.

आमचे गाव देवळाली कॅम्प. इंग्रजांच्या काळी विलायतेला परतणारे गोरे शिपाई इथे छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. त्या रिकाम्या दिवसांत काहींची डोकी फिरत, आणि म्हणून इंग्रजी भाषेत आमच्या गावाचे नाव 'वेडसर' या अर्थाने रूढ झाले. आपल्या गावाला एका परक्या भाषेच्या कोशात जागा मिळावी आणि ती अशी मिळावी, याची आम्हांला थोडी गंमतच वाटते. आता इथे तोफखान्याची शाळा आहे. सराव असला की तोफांचे आवाज येतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात, आणि पहिल्यांदा आलेला पाहुणा हातातला चहा सांडतो. आम्ही मात्र बोलणे थांबवीतही नाही. आवाज कानावर पडतो, पण आम्ही तो ऐकत नाही. असे ऐकूनही न ऐकणे ही केवढी मोठी विद्या आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

माझी आत्या दारणेपलीकडच्या एका गावी दिलेली होती. वडिलांची थोरली बहीण. वडील तिला अक्का म्हणत. अक्षर ओळखत नव्हती, पण ओव्यांना तिच्यापाशी तोटा नव्हता. 1999 साली मी पहिल्या पगारांतून एक टेपरेकॉर्डर घेतला, आणि हौस म्हणून एका सकाळी तो घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटले, "आत्या, तू ओव्या म्हण, मी भरून घेतो."

ती ओट्यावर बसली, पदर सारखा केला, खाकरली, आणि गप्प राहिली. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबली. मग हसून म्हणाली, "हात रिकामा असला की तोंडात येत नाही रे बाळा. जात्यावर बसू दे."

गावात गिरणी येऊन तेव्हा कित्येक वर्षे झाली होती. जाते उरले होते ते डाळ भरडण्यापुरते. तिने कोपऱ्यातले ते जाते झाडले, खुंटा हलवून घट्ट आहे का ते पाहिले, सुपात हरभरे घेतले आणि पहिली मूठ घातली. दगड फिरू लागला तशी ओवी आपोआप आली. पहिली देवाची, मग विठोबाची, मग पंढरीच्या वाटेची, मग लेकाची, सुनेची. सुपातले हरभरे संपले, ओव्या संपल्या नाहीत. रिकामे जाते फिरवायचे नसते म्हणून तिने ज्वारी घेतली. ज्वारीही संपत आली तेव्हा सुनेने आतून विचारले, "एवढं पीठ कोण खाणार आहे?" त्या जाड्याभरड्या पिठाच्या भाकऱ्या त्या घरी आठवडाभर चालल्या असतील. एका गाण्याला किती पीठ लागते, याचा हिशोब कुठल्याही संग्रहात कोणी दिलेला नाही. खरे म्हणजे द्यायला हवा.

त्या दिवशी तोफांचा सराव होता. कॅसेटवर आत्याच्या आवाजामागे जात्याची घरघर आहे, आणि घरघरीमागे लांबून येणारे धमाके आहेत. तिसऱ्या धमाक्यानंतर ती भावाच्या ओव्यांवर आली. भाऊ म्हणजे माझे वडील. भावाच्या ओव्या कशा असतात हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. भाऊ येतो, बहिणीच्या दारी घोडा बांधतो, तिला चोळी घेतो, भाचराला कडेवर घेतो. तशा पाचसहा झाल्या, आणि मग एक निराळीच आली. तीत तिने भावाला काही म्हटले नाही, नदीला म्हटले. दारणामाई, तू चढलीस तेव्हा माझ्या भावाची गाडी तुझ्या काठावरून मागे फिरली. तू तर चार दिवसांत ओसरलीस. मग तो का आला नाही? एवढाच आशय. ओवी मी इथे देत नाही. ती माझी नाही.

1969 साली गोदावरीला मोठा पूर आला होता, नाशिकची जुनी माणसे अजून त्याच्या खुणा दाखवितात. त्या पावसाळ्यात आत्याचे पहिले मूल गेले होते. सासरी तिचे हाल होते. माहेराहून मुऱ्हाळी येईल, चार दिवस घेऊन जाईल, म्हणून ती वाट पाहत होती. वडील तेव्हा पंचवीस वर्षांचे. ते नदीपर्यंत गेले, पूर पाहून परतले. पुढे का गेले नाहीत, हे घरात कधी कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

ओवी झाली. आत्याने दोन फेरे नुसतेच फिरविले आणि एकदम जात्यावर हात ठेवला. यंत्राकडे तिचे लक्ष गेले असावे. म्हणाली, "ते तेवढं पुसून टाक रे. तुझ्या बापाच्या कानी जाऊ देऊ नको."

मी म्हटले, "पुसतो."

ज्यांनी कॅसेटी वापरल्या आहेत त्यांना आठवत असेल. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन लहानसे तुकडे असतात. ते मोडले म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, म्हणजेच पुसताही येत नाही. त्या रात्री घरी येऊन मी ते दोन्ही तुकडे पेन्सिलीच्या टोकाने मोडून टाकले.

हे मी का केले, त्याचे उत्तर तेव्हा माझ्यापाशी तयार होते. लोकांचे धन आहे, नष्ट होता कामा नये. मी त्याचा केवळ रखवालदार आहे. हे उत्तर मोठे भारदस्त आहे. जगात पुष्कळ थोर माणसांनी या उत्तरावर आयुष्ये वेचली आहेत, आणि त्यांनी ती वेचली नसती तर आपण किती दरिद्री राहिलो असतो हे मला मान्य आहे.

जे जपले जात नाही त्याचे काय होते, हे पाहायला मला दूर जावे लागत नाही. कॅम्पातून बस धरून नाशकात उतरावे आणि शरणपूर रोडने चालत जावे. आज तिथे दुकाने, दवाखाने, शिकवण्यांच्या पाट्या आणि वाहनांची गर्दी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथे मिशनऱ्यांची वसाहत होती, आणि तीत आफ्रिकी मुले राहत होती! अरबी गलबतांतून गुलाम म्हणून विकायला चालविलेली ही मुले इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात सोडविली, मुंबईला उतरविली, आणि त्यांतली कित्येक नाशिकला पाठविली. शरणपुरात त्यांना सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी आणि बायबल शिकविले जाई. प्रवासी लिव्हिंग्स्टन 1865 साली इथे आला आणि आफ्रिकेच्या आपल्या शेवटच्या सफरीसाठी यांतले नऊ तरुण बरोबर घेऊन गेला. पुढे 1872 साली त्याच्या मदतीला जी टोळी गेली तीत जेकब वेनराइट नावाचा नाशकात शिकलेला तरुण होता. लिव्हिंग्स्टन 1873 साली मेला तेव्हा झाडावर त्याचे नाव कोरले ते या जेकबने, आणि 1874 साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्या प्रेताला खांदा देणाऱ्यांतही तो होता. पुढल्याच वर्षी, 1875 मध्ये, मोंबासाजवळ फ्रीअरटाउन नावाची वसाहत झाली आणि नाशिकचे हे आफ्रिकी लोक तिकडे नेण्यात आले.

शरणपूर रोडवर उभा राहिलो म्हणजे माझ्या मनात येते, ही मुले आठ-दहा वर्षांची असताना घरून पळविली गेली. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आईची गाणी पाठ असतात. धान्य कुटतानाची, धाकट्याला निजवितानाची. शरणपुराच्या पडवीत, रात्री, ती त्यांनी एकमेकांजवळ गुणगुणली नसतील काय? पण शेजारच्या मुलाची भाषा निराळी, त्याच्या आईचे गाणे निराळे. हळूहळू सर्वांना येणारे गाणे एकच उरले असेल, प्रार्थनेच्या वहीतले. एडिसनने आवाज धरून ठेवणारे यंत्र केले ते 1877 साली. ही मुले नाशिक सोडून गेल्यावर दोनच वर्षांनी! या दोन वर्षांचा विचार करताना मला वाटते की कॅसेटचे तुकडे मोडले ते योग्यच केले. कोणी पुसण्याआधीच काळ पुसतो; मग आपण त्याला हातभार कशाला लावावा?

आपल्याकडे ज्यांनी ओव्या वेचल्या त्यांच्याही मनात हेच असणार. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्री जीवन' हा संग्रह केला. गुरुजीही शाळामास्तर, आणि 'श्यामची आई' त्यांनी 1933 साली लिहिली ती आमच्या नाशिकच्या तुरुंगात, म्हणून आम्हां इकडच्या मास्तरांना ते जरा घरचे वाटतात. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या वतीने गावोगावचे साहित्य ग्रंथांत आणले. आणि त्यानंतरचे सर्वांत मोठे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांचे. पॉइटवँ जन्माने फ्रेंच. या दोघांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हजाराहून अधिक खेड्यांत हिंडून तीन हजारांहून अधिक बायकांकडून एक लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक ओव्यांचे आवाजही भरून घेतले. राम-सीता आहेत, विठोबा आहे, सासुरवास आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्यांचा तर मोठा साठा आहे. पॉइटवँ 2004 साली गेले, राईरकर 2010 साली. ही सारी संपत्ती 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने लोकांपुढे ठेवायला घेतली. ओवी, तिचा आवाज, आणि जिने म्हटली तिचे नाव व गाव.

हे नाव देणे मला फार महत्त्वाचे वाटते. 1902 साली कलकत्त्याला गौहर जानच्या आवाजाच्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगे. तबकडी छापणाऱ्या परदेशी कारागिराला आवाज कोणाचा ते कळावे म्हणून. तिला ते सांगता आले. जात्यावरची बाई ओवी संपवून नाव सांगत नाही. तिचे नाव दुसऱ्याने विचारून लिहावे लागते. आणि ते न लिहिले म्हणजे काय होते? जोहान्सबर्गच्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने 1939 साली एक गाणे भरले. पुढे त्याची चाल अमेरिकेत गेली, शब्द बदलले, तिच्यावर पैशांचा पाऊस पडला, सिंहाच्या चित्रपटातून ती जगभरच्या मुलांच्या तोंडी गेली. लिंडाने त्या गाण्याचे हक्क दहा शिलिंगांना दिले होते. तो 1962 साली गरिबीत मेला, आणि त्याच्या मुलींना न्याय मिळायला 2006 साल उजाडले.

मी लिंडाची हकिगत वर्गात मुलांना सांगतो आणि मुले चिडतात. त्यांना मी हे सांगत नाही की त्यांचे मास्तरही त्याच पंगतीतले आहेत. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एका दुःखी स्त्रीच्या तोंडी ओसरलेल्या नदीचे आणि न ओसरलेल्या माणसाचे एक वाक्य आहे. वाचकांनी ते वाक्य उचलले, एका परीक्षणात त्याची वाखाणणी झाली. ते वाक्य आत्याचे आहे. पुस्तकात तिचे नाव नाही. तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिला कळण्याची भीती नव्हती. पुस्तक मी तिच्या पायांवर ठेवले होते, तिने ते कपाळाला लावले आणि म्हणाली, "मोठा झालास."

नाव न द्यावे तर ही चोरी. पण द्यावे तर? 'ही ओवी अमक्या गावच्या अमकीची आहे, आणि तिचा भाऊ अमका' असे लिहिले म्हणजे काय होते? जात्यावरची ओवी मग ओवी राहत नाही, ती जबानी होते. तिच्याखाली सही येते. आत्याला नेमके हेच नको होते. आणि इथे माझे ते रखवालदाराचे भारदस्त उत्तर लटपटू लागते.

कारण ओवी ही चीज मुळात मोठी चतुर आहे. पहाटे घरात अंधार आहे. सासू निजलेली आहे, नवरा निजलेला आहे, दीर निजलेला आहे, आणि बाई जात्यावर बसून म्हणते आहे की सासू अशी आहे, नवरा असा आहे. आता वाचकांनीच सांगावे, दगडाची ती घरघर आणि तिच्यावर चढलेला बाईचा आवाज, दहा हातांवर निजलेल्यांना ऐकू येत नसेल? सगळे जागे असतात. सगळे ऐकतात. आणि सगळे कुशीवर वळून निजल्याचे सोंग करतात. बाईलाही ठाऊक असते की ते जागे आहेत. ती त्यांनाच ऐकविते, पण सांगते मात्र जात्याला, नदीला, पंढरीच्या विठोबाला. सकाळी उठल्यावर कोणी विचारीत नाही, 'काय गं, काय म्हणत होतीस?' विचारले तर आपण ऐकले हे कबूल करावे लागेल, आणि ऐकले म्हणजे उत्तर द्यावे लागेल. न विचारल्याने दोघांचीही सोय होते. बाईचे बोलून होते, आणि ज्याला लागायचे त्याला लागलेले असते. एखादा दीर त्या दिवशी न सांगता पाण्याची कळशी भरून आणतो. एखाद्या सासूचा आवाज दोन दिवस खाली राहतो.

यंत्राला हे सोंग करता येत नाही. ते डोळे मिटून पडत नाही. त्याने ऐकले की ऐकले. आणि ते ज्याला ऐकवील त्यालाही झोपेचा आसरा उरत नाही. तो दिवसाढवळ्या, खुर्चीत बसून, मुद्दाम कळ दाबून ऐकतो. आत्याने जात्यावर हात ठेवला तो या जाणिवेने. पुरावा राहील असे तिला बोलायचे नव्हते.

हे मी एकदा पत्नीला समजावून सांगत होतो. तीही शिक्षिका आहे, आणि माझे विचार फार वेळ ऐकून घेण्याची तिला सवय नाही. ती म्हणाली, "आणि तुम्ही पुसलं असतंत म्हणजे काय झालं असतं? भाऊ चोळी घेऊन येतो एवढंच राहिलं असतं. एका बाईनं आयुष्यात एकदा तक्रार केली, तीही नदीकडे, आणि तीही भाच्यानं पुसली." मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तिने भाजी निवडता निवडता पुस्ती जोडली, "पण शब्द दिला होतात, तेव्हा ठेवण्याचाही तुम्हाला हक्क नव्हता. हे दोन्ही खरं आहे. काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

अशा वेळी मला आफ्रिकेतली एक हकिगत आठवते. ह्यू ट्रेसी नावाचा एक इंग्रज तरुण 1921 साली ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, तंबाखूच्या शेतीवर आला. मजुरांबरोबर राबता राबता तो त्यांची भाषा शिकला, गाणी शिकला, आणि पुढे यंत्र घेऊन देशोदेशी हिंडला. 1954 साली त्याने आफ्रिकी संगीताचे संग्रहालय उभारले. 1950 साली केनियात किप्सिगिस जमातीच्या मुलींनी त्याला एक गाणे म्हणून दाखविले. जिमी रॉजर्स या अमेरिकन गवयाच्या तबकड्या तिकडे पोचल्या होत्या. मुलींनी त्या नावाचे 'चेमिरोचा' करून टाकले होते, आणि त्या न पाहिलेल्या गवयाला त्यांनी अर्धा माणूस, अर्धे हरीण असे रूप दिले होते. किती सुंदर कल्पना आहे! ते गाणे जगभर ऐकले गेले. ज्या खेड्यात ते म्हटले गेले तिथे मात्र ते नव्हते. साठ-पासष्ट वर्षांनी त्या संग्रहालयाची माणसे जुनी मुद्रणे घेऊन केनियातल्या खेड्यांत परत गेली. त्या काळी ट्रेसीपुढे गायलेली काही माणसे अजून हयात होती, म्हातारी झालेली. त्यांनी आपले तरुणपणचे आवाज ऐकले.

मला हे परत करणे आवडते. संग्रह करणाऱ्याचे निम्मे काम भरून घेण्यात आहे, आणि उरलेले निम्मे परत नेऊन देण्यात. पण आत्या 2017 साली गेली. ती असताना मी तिला तिचा आवाज एकदाही ऐकवला नाही. मला भीती होती की त्या ओवीपाशी फीत येईल आणि ती म्हणेल, पुसली नाहीस होय रे? अठरा वर्षे मी तिच्याकडे जात राहिलो आणि अठरा वर्षे ती कॅसेट डब्यात राहिली. आता ती परत करायची तर कोणाला?

गेल्या भाऊबीजेला याचे उत्तर माझ्यापुढे आपण होऊन आले. वडिलांनी आता ऐंशी ओलांडली आहे. आत्या गेल्यापासून त्या दिवशी त्यांना ओवाळायला कोणी नाही. माझी बहीण मला ओवाळते तेव्हा ते पाटाशेजारी खुर्ची घेऊन बसतात आणि निरांजनाकडे पाहत राहतात. या वेळी मला म्हणाले, "तुझ्याकडे अक्काची टेप आहे म्हणे. लाव की."

कोणी सांगितले, हे मी विचारले नाही. म्हटले, "दादा, जुनी आहे, फीत चिकटली असेल."

"बघ तर."

कॅसेटच्या फितीला दमट हवा मानवत नाही, बुरशी धरते. ती वाजविणारी यंत्रेही आता भंगारात गेली. माझे टेपरेकॉर्डर माळ्यावर होते. ते चालू नये अशी माझी मनापासून इच्छा होती. पेन्सिल घालून फीत थोडी मागेपुढे गुंडाळली, कळ दाबली, आणि ते चालले. आधी खरखर, मग जात्याची घरघर, मग आत्या.

मी मनाशी ठरविले होते. पहिला धमाका, दुसरा धमाका. तिसरा झाला की भावाच्या ओव्या सुरू होतात. चोळीची ओवी, घोड्याची ओवी, भाचराची ओवी, आणि तिथे थांबायचे. बाजू संपली असे सांगायचे. मी यंत्राच्या कळीवर बोट ठेवून बसलो. बाहेर पोरे फटाके उडवीत होती, तेव्हा धमाके मोजताना माझी एकदा चूकही झाली. चोळी झाली, घोडा झाला. मी बोट दाबणार तोच वडील म्हणाले, "राहू दे."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

ओवी आली आणि गेली. मग ते दोन रिकामे फेरे, आणि मग आत्याचे ते बोलणे, पुसून टाक रे. आणि माझाच पंचवीस वर्षांपूर्वीचा कोवळा आवाज, 'पुसतो'. बहीण माझ्याकडे पाहू लागली. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली. फीत संपली, कळ टकदिशी वर आली. वडील हलले नाहीत.

आईने जवळ जाऊन पाहिले, त्यांच्या गुडघ्यांवर शाल घातली आणि आम्हांला म्हणाली, "झोप लागली त्यांना. आवाज करू नका."

आम्ही सगळे उठून आतल्या खोलीत गेलो. जाताना मी मागे वळून पाहिले. खुर्चीच्या हातावर त्यांचा अंगठा गोल गोल फिरत होता.

संध्याकाळी चहाला उठले. आई त्यांच्यापुढे फराळाची ताटली ठेवीत होती. चकलीचा तुकडा मोडीत म्हणाले, "त्या दिवशी तोफा फार वाजत होत्या, नाही?"

मी म्हटले, "हो दादा, सराव होता."